ऑफिसात पोर येऊन गेलं आणि कॉम्प्युटर वेडा झाला: काय, कुठल्या क्रमाने तपासायचं

एप्रिल संपता संपता शाळांना सुट्टी लागते आणि आठवड्याभरात माझा फोन वाजायला लागतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत तो काही थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीत दुसरा हंगाम. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धरला, शाळा मध्येच सोडल्या, की त्या दिवसापुरता एक किरकोळ तिसरा.

मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, मस्जिद बंदर या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क सांभाळायचं माझं काम. आठ-दहा माणसांची ऑफिसं: क्लिअरिंग एजंट, सीए, ट्रान्सपोर्टवाले, एखादा वकील. माझ्या दुरुस्तीच्या वहीत मे महिन्यातल्या बऱ्याच नोंदींपुढे कंसात ‘पोर’ असं लिहिलेलं असतं.

फोनवर मात्र तसं कुणी सांगत नाही. तक्रार येते ती ‘व्हायरस आलाय’, ‘कुणीतरी हॅक केलंय’, ‘विंडोज उडालं’ अशी. ज्या बाईंचं पोर असतं त्या गप्प असतात, कारण साहेबांना कळलं तर उद्यापासून आणता येणार नाही, आणि उद्या घरी ठेवायला कोणी नसतं. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने सांगितलं. आठ माणसांच्या ऑफिसाला त्याचा काय उपयोग? म्हणून डोंबिवलीहून आईबरोबर लोकलने आलेलं पोर अकाउंट्सच्या खुर्चीत बसतं आणि आई बँकेत गेली की की-बोर्ड हातात घेतं.

फोनवर सांगितली जाणारी लक्षणं

शब्द थोडे मागेपुढे होतात, पण दरवर्षी हीच:

- स्क्रीन उलटी झाली, किंवा आडवी पडली.
- की-बोर्ड मेला. नवीन लावला, तोही मेला.
- आकडे टाईप होत नाहीत, बाण मात्र हलतो.
- कॉम्प्युटर इंग्रजीत बोलायला लागलाय.
- सगळं प्रचंड मोठं दिसतंय. किंवा सगळं काळं, अक्षरं पिवळी-हिरवी.
- एक्सेलमधली रक्कम गेली, नुसती सूत्रं दिसतायत.
- सगळ्या ऑफिसचं नेट गेलं.
- प्रत्येक झेरॉक्सवर एकाच जागी काळा टिपका येतो.
- सीपीयू चालू केला तर फटाक्यासारखा आवाज आला.

शेवटचं लक्षण असेल तर प्लग काढा आणि आधी खालचा ‘मागचा लाल स्विच’ हा भाग वाचा. बाकी कशातही घाई नाही. बिघाड एकाच मशीनवर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ठीक होतं, आणि मधल्या वेळेत खुर्चीवर लहान माणूस बसलेलं होतं, या तिन्ही गोष्टी जुळल्या की मी फॉरमॅटचं नावसुद्धा काढत नाही.

पहिली तपासणी: पोराला विचारा

फुकट, आणि दोन मिनिटांची. तरी ही कुणी करत नाही. केलीच तर अशी: “काय केलंस रे? खरं सांग!” आई डोळे वटारून उभी, साहेब केबिनच्या दारात. पोर म्हणतं, “मी काही नाही केलं.” संपलं. आता पुढचा तासभर आपण अंधारात चाचपडणार.

मी शेजारी स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, “कुठला गेम खेळत होतास? मला दाखव ना कसा खेळायचा.” हे वाक्य पाठ करून ठेवा. पोर बोलत नाही, हात चालवतं. कुठल्या बोटाने कुठलं बटण दाबलं, ते हाताला पक्कं आठवत असतं.

एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात की-बोर्ड मेला म्हणून त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून नवा आणवला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा.) तोही मेला. माणूस पुन्हा गेला, दुकानदाराशी भांडून बदलून आणला. तोही मेला. मग मला फोन. मी गेलो तेव्हा डिस्पॅचवाल्या काकांचा आठ वर्षांचा नातू कोपऱ्यात चलनाचे कागद मोजत बसलेला, चेहरा एवढासा. त्याला गेम विचारला. त्याने दोन्ही हात की-बोर्डवर ठेवले, डाव्याने स्टिअरिंग, आणि उजव्या हाताच्या करंगळीने उजवी शिफ्ट दाबून धरली.

“हे काय?”

“ब्रेक.”

वळणावर ब्रेक आठ सेकंद दाबला होता. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की ‘फिल्टर कीज’ चालू करायचं का, असा प्रश्न येतो. पोराने समोर आलेल्या चौकटीवर ‘येस’ केलं, कारण चौकट गेमच्या आड येत होती. फिल्टर कीज ही हात थरथरणाऱ्या माणसांसाठी केलेली सोय आहे. चुकून लागलेला धक्का टाईप होऊ नये म्हणून ती झटपट दाबलेलं बटण मोजतच नाही. म्हणून नेहमीच्या वेगाने टाईप करणाऱ्याला की-बोर्ड मेल्यासारखा वाटतो. दोष विंडोजमधल्या एका खुणेत होता, आणि बदलले जात होते की-बोर्ड.

म्हणून नवा घेण्याआधी एवढं करा: नोटपॅड उघडून एकच अक्षर दोन सेकंद दाबून धरा. उशिरा का होईना अक्षर उमटलं, तर की-बोर्ड जिवंत आहे. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरा, किंवा सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन की-बोर्डखाली ते बंद करा. विंडोज १० मध्ये याच जागेला ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’ म्हणतात. शॉर्टकटने चालू होण्याची सोयही तिथेच बंद करता येते. ती बंद केलीत तर पुढच्या मे महिन्यात मला फोन करावा लागणार नाही. माझं नुकसान, पण असो.

न रागावता विचारायचं आणखी एक कारण आहे. घाबरलेलं पोर जे लपवतं, त्यात कधीकधी नाणं कुठे ढकललं, पिन कुठे घातली, हेही असतं. स्क्रीन उलटी झाली तर कुणी मरत नाही. लपवलेली पिन वेगळी.

दुसरी: वायरी आणि दिवे

अजूनही पैसे लागलेले नाहीत. टेबलाखाली वाका.

बोर्डाचं बटण, यूपीएसचं बटण, मॉनिटरचं बटण. दिवा लागतो आणि विझतो अशी कुठलीही गोष्ट सहा वर्षांखालच्या पोराला सोडवत नाही. मॉनिटरचं बटण स्वतंत्र असतं, हे दहा वर्षं नोकरी केलेल्यांनाही आठवत नाही. सीपीयूचा दिवा चालू आणि स्क्रीन काळी असेल तर आधी ते बघा.

माऊस चालत नसेल तर वायर मागे कुठे लागलीय ते नीट पाहा. नुसतं ‘लागलीय ना’ पुरत नाही. यूएसबीची पिन नेटच्या लॅनच्या भोकात अगदी नीट बसते. ढिली नाही, वाकडी नाही, शोभून दिसते. पोराने काढून परत लावली की हमखास तिथे जाते. ओढून काढा, शेजारच्या यूएसबीत लावा, झालं.

आता सगळ्या ऑफिसचं नेट जातं ते. यात माझा स्वतःचा एकदा अर्धा दिवस गेलाय, त्यामुळे जरा सविस्तर.

भिंतीला किंवा टेबलाखाली आठ भोकांचा एक छोटा डबा असतो. त्याला स्विच म्हणतात, सगळ्यांच्या लॅन वायरी त्यात येतात. एखादी जादा वायर बऱ्याचदा एका टोकाने त्यात लागलेली आणि दुसऱ्या टोकाने लोंबकळत असते. नीटनेटक्या स्वभावाचं पोर ते लोंबतं टोक बघतं, रिकामं भोक बघतं, आणि लावून टाकतं. आता एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात. आत शिरलेला संदेश बाहेर पडतो तो परत आत येतो, परत बाहेर, परत आत, आणि प्रत्येक फेरीला त्याच्या नकला वाढतात. साध्या स्वस्त स्विचला ही फेरी ओळखता येत नाही. मिनिटभरात डबा स्वतःच्याच कोलाहलात बुडतो आणि कुणालाच नेट मिळत नाही.

खूण अशी, की एरवी ज्याचे त्याचे मिणमिणणारे दिवे सगळे एकदम, पिसाटल्यासारखे लुकलुकतात. मी त्या दिवशी नेट देणाऱ्या कंपनीला शिव्या घालत राउटर तीनदा रिसेट केला. मग एका मुलीने विचारलं, “काका, ती वायर मी लावली, बरोबर लावली ना?” तिला वाटत होतं मी कौतुक करायला आलोय.

उपाय: एकेक वायर काढत जा आणि दिव्यांकडे बघत राहा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, ती गुन्हेगार. काढलेल्या वायरींवर आधी चिकटपट्टी लावून आकडे टाका, नाहीतर परत लावताना दुसरा गोंधळ. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट करणं हा पहिला उपाय नव्हे. त्याने त्यातलं नाव-पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि साधं काम मोठं होतं.

तिसरी: बटणांची करामत

इथे फक्त उलट बटण दाबायचं असतं, त्यामुळे भराभर सांगतो.

उलटी किंवा आडवी स्क्रीन: कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण एकत्र. हा शॉर्टकट जुन्या इंटेल ग्राफिक्सवर चालतो. नव्या मशीनवर नाही चालला तर डेस्कटॉपवर उजवं क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे डिस्प्ले ओरिएंटेशनमध्ये ‘लँडस्केप’. उलट्या स्क्रीनवर माऊसही उलटा चालतो, तेव्हा सावकाश. बदल ठेवायचा का, असं मशीन विचारतं आणि काही सेकंदांत उत्तर दिलं नाही तर परत उलटं होतं. मॉनिटर उचलून उलटा ठेवू नका. हो, ठेवतात.

आकडे टाईप होत नाहीत: नम लॉक बघा. तो चालू असूनही आकडे दाबल्यावर बाण सरकत असेल तर ‘माऊस कीज’ लागलंय. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं की सगळं काळं-पिवळं होतं, तेच पुन्हा दाबलं की जातं.

मशीन बोलतंय: विंडोज, कंट्रोल आणि एंटर. हा ‘नॅरेटर’, अंध व्यक्तींसाठीचा वाचक. एका सीएच्या ऑफिसात त्यांनी स्पीकरची वायर कापली होती.

सगळं मोठं दिसतंय: विंडोज आणि एस्केप, भिंग बंद होतं. फक्त ब्राउझरमध्ये मोठं असेल तर कंट्रोल आणि शून्य. वरची पट्टी गेली असेल तर एफ ११.

शिफ्ट पाच वेळा पटापट दाबली की ‘स्टिकी कीज’ लागतं, आणि मग एक अक्षर टाईप करायला गेलं की भलतंच काही उघडतं. पुन्हा पाच वेळा दाबा.

डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब: उजवं क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्स. उघडलेल्या फाईली गायब: विंडोज, कंट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण. दुसऱ्या डेस्कटॉपवर पाठवल्या गेलेल्या असतात, हरवलेल्या नसतात.

पासवर्ड चुकतोय: कॅप्स लॉक. शिवाय कोपऱ्यातली भाषा बघा, मराठी की-बोर्ड टाकलेला असेल तर विंडोज आणि स्पेसने तो बदलला गेलेला असतो.

एवढं करून बघायला दहा मिनिटं लागतात. यातल्या एखाद्या कामासाठी कुणी विंडोज फॉरमॅट करून पैसे घेतले असतील, तर तो माणूस बदला.

चौथी: आकड्यांच्या फाईली

आतापर्यंत गंमत होती, इथे जपून. कारण मे महिन्याची २० तारीख सुट्टीतच येते आणि दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख तीच असते.

एक्सेलमध्ये रकमेऐवजी सूत्रं दिसत असतील तर काहीही गेलेलं नाही. कंट्रोल आणि एस्केपच्या खालचं बटण दाबा. ते दाबल्यावर रकाने रुंद होऊन सूत्रं दिसतात, परत दाबलं की आकडे येतात. यावरून एका साहेबांनी सायबर पोलिसांकडे जायची तयारी केली होती. बाण दाबल्यावर खूण न हलता सगळं पानच सरकत असेल तर स्क्रोल लॉक.

एक्सेलमध्ये काही खरंच पुसलं गेलं असेल आणि फाईल अजून उघडी असेल, तर सेव्ह करू नका, बंद करू नका. कंट्रोल-झेड दाबत मागे जा. फाईल बंद करण्याची सवय हाताला इतकी असते की मी फोनवर आधी “माऊसला हात लावू नका” म्हणतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट-डी आणि त्यापुढे होकार एवढं झालं की व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, गेलं. ते परत आणायला बॅकअप लागतो. किंवा मूळ बिल शोधून पुन्हा एंट्री करायची. ती एंट्री गुपचूप करून विषय मिटवू नका. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल ठेवावाच लागतो, तो बंद करता येत नाही. म्हणजे कोणत्या लॉगिनने किती वाजता काय पुसलं हे तिथे राहतं. लॉगिन आईचं असतं. सीएला त्याच दिवशी सरळ सांगून टाकलेलं बरं.

डिजिटल सहीचं टोकन, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, मुलांना फार आवडतं. चुकीचा पिन ठरावीक वेळा टाकला की ते लॉक होतं. लॉक झालं की इंटरनेटवर बघून ‘इनिशियलाइज’ करू नका, आतली सही पुसली जाते आणि नवी घ्यावी लागते. ज्याच्याकडून सही घेतली त्यालाच फोन करा. आणि टोकन खणात, किल्लीखाली ठेवा. मूल नसतानाही.

पाचवी: झेरॉक्स आणि प्रिंटर

टिपक्याची गोष्ट. एका क्लिअरिंग एजंटकडे प्रत्येक झेरॉक्सवर पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात एक गोल काळा टिपका येत होता. आधार कार्डाच्या प्रतीवर तो नेमका माणसाच्या कपाळावर. त्यांनी टोनर (शाईची पूड) बदलला, टिपका तसाच. मग कुणीतरी ड्रम (टोनर कागदावर उमटवणारा आतला रूळ) बदलायला सांगितलं, तो महाग, म्हणून मला बोलावलं. झाकण उचललं. काचेवर मरून रंगाची टिकली, मधोमध नीट चिकटवलेली. पोरगी पाच वर्षांची. तिने सकाळी स्वतःच्या तोंडाची झेरॉक्स काढायचा प्रयत्न केला होता आणि कपाळावरची टिकली काचेवर राहिली. नंतर ट्रेच्या तळाशी तो कागदही सापडला. एक दाबलेलं नाक आणि अर्धी वेणी.

यातली तपासणी शिकण्यासारखी आहे. डाग फक्त झेरॉक्समध्ये येतो की कॉम्प्युटरवरून काढलेल्या प्रिंटवरही? फक्त झेरॉक्समध्ये असेल तर दोष काचेकडे. वरच्या फीडरमधून कागद घातल्यावर उभी सलग रेघ येत असेल, तर बाजूच्या अरुंद काचपट्टीवर काहीतरी आहे. प्रिंटवरही येतो आणि पानावर सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा उमटतो, तर ड्रम किंवा रोलर. तिथे तुमचं काम संपलं. काच पुसताना द्रव काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या. चिकट काही असेल तर नखाने काढा, ब्लेडने नको.

कागद अडकला असेल तर आधी प्लग काढून अर्धा तास थांबा. लेझर प्रिंटरमधला फ्युजर टोनर वितळवून कागदावर बसवतो आणि त्यासाठी तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने दोन्ही हातांनी हळू ओढा. फाटला तर तुकडे टेबलावर जुळवून बघा. कोपरा कमी असेल तर तो आत आहे आणि पुढचे दहा कागद तोच अडवणार.

मुलांनी स्टिकरचा कागद घातला असेल आणि स्टिकर फ्युजरवर बसला असेल, तर हात लावू नका. खरवडलं की रोलर गेलाच. इंक टँकच्या प्रिंटरमध्ये मागच्या उघड्या तोंडातून नाणं, क्लिप, खेळण्यातली गाडी पडते. ती काढायला प्रिंटर उलटा केलात तर चार रंगांची होळी. टॉर्च, लांब चिमटा, बस.

टोनर सांडला तर कोरड्या फडक्याने उचला आणि पोराचे हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो चिकटतो. घरगुती व्हॅक्यूम नको, पूड त्याच्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडते.

सहावी: सांडलं

डेस्कटॉपच्या की-बोर्डवर आंब्याचा रस सांडला तर वायर काढा, पालथा घाला, दुसरा घ्या. स्वस्त वस्तू आहे, तिच्यावर दुपार घालवू नका.

लॅपटॉपवर सांडलं तर पुसत बसण्याआधी पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, अ‍ॅडॉप्टर काढा, तंबूसारखा उघडून पालथा ठेवा. तांदळात ठेवून काही होत नाही, हेअर ड्रायरने पाणी आणखी आत जातं. ‘चालू होतो का बघू’ या एका वाक्याने मी पाहिलेले बहुतेक मदरबोर्ड (आतली मुख्य सर्किटची पाटी) गेले. साधं पाणी असेल तर आशा असते. सरबत, चहा, रस असेल तर साखर आत राहते आणि आठवड्यांनी सर्किट खाते. त्याच दिवशी उघडून साफ करणाऱ्याकडे द्या.

सातवी: मागचा लाल स्विच

काही जुन्या सीपीयूंच्या मागे, वायर लागते तिथेच, एक छोटा लाल सरकता स्विच असतो. त्यावर ११५ किंवा २३० असं दिसतं. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. पेनाच्या टोपणाने तो मजेत सरकतो, ‘टक’ आवाजही येतो.

११५ वर असताना आतलं सर्किट आलेला दाब दुप्पट करून घेतं, कारण त्याला वाटतं अर्धाच दाब येतोय. इथे येतो पूर्ण. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, ते फुटतात. संध्याकाळी पोर स्विच सरकवतं, सकाळी शिपाईकाका सगळी बटणं चालू करतात, आणि आवाज होतो. माझ्या वहीत अशा दोन नोंदी आहेत, दोन्हींत एसएमपीएस (सीपीयूतला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला. एकीत धूर निघाला आणि सगळं ऑफिस जिन्यावर.

मशीन अजून चालू केलेलं नसेल तर प्लग काढा, बघा, ११५ वर असेल तर २३० वर आणा आणि वर इन्सुलेशन टेप मारा. चालू केलं आणि आवाज झाला असेल तर प्लग काढून बाजूला ठेवा. डबा उघडू नका. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये वीज उरते.

इथे थांबा

एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडला आणि पोर सॉकेटजवळ खेळत होतं, तर तो परत वर ढकलू नका. आत पिन, चावी, कंपासचं टोक काहीही असू शकतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं, माझंही नाही. आल्यावर त्याला आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसलाय का आणि चालतोय का हेही बघायला लावा. फोर्टातल्या जुन्या इमारतींत तो नसलेलेच बोर्ड मी जास्त पाहिलेत.

फाईल शिफ्ट-डिलीटने गेली असेल आणि बॅकअप नसेल, तर मशीन बंद करून ठेवा. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं त्याच डिस्कवर उतरवाल तर जे मिळणार होतं त्याच्यावरच ती बसतील. एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर आशा आणखी कमी, कारण ती पुसलेली जागा स्वतःहून रिकामी करत राहते.

आणि एक कॉम्प्युटरचं नसलेलं. बटणाएवढी चपटी बॅटरी, रिमोटमधली किंवा आमच्यासारख्यांनी मदरबोर्डमधून काढून टेबलावर ठेवलेली, दिसत नसेल आणि पोराने गिळल्याची नुसती शंका असेल, तरी सगळं टाकून थेट हॉस्पिटल गाठा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. उलटी करवू नका, घरी जाऊन बघू म्हणू नका, मला फोन करू नका. श्रेडर, पेपर कटर आणि जुन्या इमारतींतली जाळीच्या दाराची लिफ्ट, यांच्याजवळ पोराला एकटं सोडू नका, त्यांना उलट बटण नाही.

सुट्टीभर पोर येणारच असेल तर खुर्चीवरून उठताना विंडोज आणि एल दाबायची सवय लावा, स्क्रीन कुलूपबंद होते. आणि त्याला काम द्या. वायर कापलेला जुना की-बोर्ड मी मागितला तर फुकट देतो. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि स्केचपेन तासभर पुरतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याच्या लांबलचक कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडायचं काम द्या. मस्जिद बंदरच्या एका ऑफिसात दोन भाऊ सगळ्या मे महिन्याची चलनं फाडून देतात आणि त्या पट्ट्यांच्या माळा करून पंख्याला टांगतात. पंखा चालू करण्याआधी वर बघायचं, एवढं त्या ऑफिसला आता कळलंय.

तरीही काही झालं तर फोन करा. फक्त करताना पोराला शेजारी उभं करा आणि फोन स्पीकरवर ठेवा. मी आधी त्याच्याशीच बोलतो.